रविवार संपल्यावर: रोजच्या जगण्यातला ख्रिस्ती विश्वास आणि उपकारस्तुती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपल्यावर दारात उभे असताना, प्रार्थनासभेनंतर खुर्च्या आवरताना किंवा रात्री उशिरा फोनवर लोक जे प्रश्न जरा हळू आवाजात विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरे दोन ओळींत संपतात, काहींची लांबली आहेत. बायबलमधले संदर्भ कंसात दिले आहेत. ते उघडून स्वतः वाचावेत, आमच्या शब्दावर विसंबू नये.

दर रविवारी चर्चला जातो, वचन वाचतो, दानार्पण देतो. विश्वास ‘जगायचा’ म्हणजे आणखी काय करायचे?

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट (लूक १७:११-१९) सांगताना आपण नेहमी त्या नऊ जणांना कृतघ्न ठरवून मोकळे होतो. गोष्ट नीट वाचली तर ते येशूने सांगितले तेच करत होते. “जा, याजकांना दाखवा,” असे त्याने सांगितले, ते निघाले आणि वाटेतच बरे झाले. याजकाने तपासून शुद्ध ठरवल्याशिवाय कुष्ठरोग्याला पुन्हा वस्तीत घेत नसत (लेवीय १४). किती वर्षांनी बायकोमुलांचे तोंड पाहायचे, त्यांना घाई असणारच. नियमाच्या बाजूने पाहिले तर त्यांचे काहीच चुकले नाही.

एक जण मात्र वाटेत थांबला, मागे वळला आणि मोठ्याने देवाचे गौरव करत येऊन येशूच्या पायांशी पालथा पडला. तो शोमरोनी होता, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या लोकांतला, ज्याच्याकडून कोणी अपेक्षाच ठेवली नव्हती असा. येशूने त्याला पायांशी बसवून घेतले नाही. “ऊठ, जा,” असे सांगितले.

चर्चला जाणे, वाचणे, देणे हे सगळे त्या नऊ जणांच्या वाटेवरचे आहे आणि ती वाट खोटी नाही. विश्वास जगणे म्हणजे त्या दहाव्याच्या दोन हालचाली रोज करणे: देणाऱ्याकडे मागे वळणे, आणि मग उठून माणसांत जाणे. पहिली झाली आणि दुसरी राहिली, तर आपली उपकारस्तुती आपल्या खोलीबाहेर पडत नाही. खालची बहुतेक उत्तरे फिरून याच ठिकाणी येतात.

“सर्व स्थितीत उपकारस्तुती करा” (१ थेस्सलनी. ५:१८) म्हणजे वाईट गोष्टींबद्दलही देवाचे आभार मानायचे का?

वचन सर्व स्थितीत आभार मानायला सांगते. कर्करोगाबद्दल, अपघाताबद्दल, कोणी केलेल्या दगाबाजीबद्दल आभार माना, असे ते म्हणत नाही. यावर कोणीतरी इफिस. ५:२० उघडून दाखवते. तिथे ‘सर्व गोष्टींबद्दल’ असे आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण त्याच अध्यायात थोडे वर, अकराव्या ओवीत, अंधाराच्या कर्मांत भागी होऊ नका, ती उघडकीस आणा, असे बजावले आहे. जे उघडकीस आणायचे त्याबद्दलच आभार मानायचे, हे जुळत नाही. म्हणून आम्ही ते वचन असे वाचतो: देवाच्या हातून जे येते त्या सगळ्याबद्दल, लहान म्हणून काही न वगळता, आभार. दुष्टपणा देवाच्या नावावर मांडायचा नाही.

हबक्कूक संदेष्ट्याची शेवटची प्रार्थना (३:१७-१८) इथे फार उपयोगी पडते. तो आधी काय काय गेले याची यादी करतो. अंजिराला फुले नाहीत, वेलींना फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. सहाच्या सहा गोष्टी गेल्या. त्यात एकही “पण तसे बरेच झाले” नाही. हे सगळे बोलून झाल्यावर तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. नुकसान मोजून झाल्यावर आलेला तो ‘तरी’ आहे, म्हणून त्याला वजन आहे. यादी गाळून थेट ‘तरी’वर उडी मारणारी माणसे सभांमध्ये भेटतात. त्यांचे ऐकून दुःखी माणसाला आणखी एकटे वाटते.

आमच्या घरात मृत्यू झाला. लोक म्हणतात, “देवाची इच्छा, त्याचे आभार मान.” मला जमत नाही. माझा विश्वास कमी पडतो का?

नाही.

बेथानीला येशू पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते (योहान ११). मार्था त्याला म्हणाली, “प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता.” थोड्या वेळाने मरीयेनेही हेच बोलून दाखवले. वेगवेगळ्या वेळी दोघी बहिणींच्या तोंडून एकच वाक्य निघते, म्हणजे त्या चार दिवसांत घरात ते किती वेळा बोलले गेले असेल. येशूने कोणालाही “असे बोलू नये” म्हटले नाही. तो रडला, हे पस्तिसाव्या ओवीत आहे. “हे पित्या, तू माझे ऐकले म्हणून मी तुझे आभार मानतो,” हे त्याचे शब्द एकेचाळिसाव्या ओवीत येतात. मधल्या ओव्यांत तो कबरेपाशी गेला आणि धोंड काढायला सांगितली. आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने रडण्याची पायरी ओलांडून थेट आभाराकडे धाव घेतली नाही. मग ती घाई तुम्ही का करावी?

स्तोत्रसंहितेत ८८वे स्तोत्र आहे. त्यात शेवटपर्यंत आभार येत नाहीत, आशेची ओळ येत नाही, आणि ते अंधारातच संपते. ते काढून टाकावे असे कोणाला वाटले नाही. देवाच्या लोकांच्या गीतसंग्रहात ते इतर स्तोत्रांच्या मांडीला मांडी लावून बसले आहे. तुमच्या आजच्या प्रार्थनेत एवढाच अंधार असला तरी ती प्रार्थनाच आहे. मंडळी उपकारस्तुतीचे गीत गात असेल तेव्हा गप्प उभे राहा. तुम्हाला पुन्हा गाता येईल तोवर इतरांना तुमच्या वतीने गाऊ द्या, मंडळी त्यासाठीच असते.

आता सांत्वनाला जाणाऱ्यांसाठी. ईयोबाचे मित्र त्याच्यापाशी सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत (ईयोब २:१३). त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच. बोलायला लागल्यावर त्यांनी सगळे बिघडवले. तेव्हा ‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात’ छापाची वाक्ये घरीच ठेवून जा. जेवण घेऊन जा, भांडी घासा, लहान मुलांना बाहेर फिरवून आणा, कार्यालयांत कागद नेऊन द्यायचे असतील तर सोबत चला. गेलेल्या माणसाचे नाव उच्चारायला घाबरू नका. आणि तीन महिन्यांनी, सगळे आपापल्या कामाला लागलेले असतील तेव्हा, पुन्हा एक फोन करा.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगू नये असे विचार येत आहेत, असे असेल तर पाळकांशी किंवा फादरांशी बोला आणि डॉक्टरांशीही बोला, उद्यावर न टाकता. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही.

मनातून काहीच वाटत नाही तेव्हा आभार मानणे हे ढोंग नाही का?

कोणाला दाखवण्यासाठी केले तर ढोंगच. देवासमोर “आज मला काही वाटत नाही, तरी झोप लागली, पाणी मिळाले, एका माणसाने विचारपूस केली, याबद्दल आभार,” असे म्हटले तर त्यात खोटे काय आहे? १०३व्या स्तोत्राचा कर्ता स्वतःच्या जिवालाच सांगतो की परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे उपकार विसरू नकोस. जीव आपोआप करत असता तर सांगावे लागले नसते.

मी जे मिळवले ते स्वतःच्या कष्टाने. त्याचे श्रेय देवाला का द्यायचे?

कष्ट तुम्हीच केलेत, ते कोणी नाकारत नाही. अनुवाद ८:१७-१८ मध्ये हाच संवाद आहे: “माझ्याच बळाने ही संपत्ती मिळाली” असे मनात म्हणू नकोस, कारण संपत्ती मिळवायचे सामर्थ्य देणारा परमेश्वर आहे. म्हणजे कष्ट खरे, पण कष्ट करू शकणारे शरीर, शिकवणारा गुरुजन, पहिली संधी देणारा माणूस, नेमक्या वर्षी न आलेले आजारपण, यांतले काय तुम्ही कमावले? तुमच्याइतकेच राबणारी आणि तरीही मागे राहिलेली माणसे तुमच्या ओळखीत असतीलच. प्रेषित पौल करिंथकरांना विचारतो, तुला मिळालेले नाही असे तुझ्याजवळ आहे तरी काय (१ करिंथ. ४:७)? हा प्रश्न अधूनमधून स्वतःला विचारावा. मान थोडी खाली येते, आणि आपल्याखाली काम करणाऱ्यांशी बोलण्याचा सूरही बदलतो.

आभाराची प्रार्थना नेमकी कशी करायची? माझी दोन वाक्यांत संपते.

दोन वाक्येही पुरेत, फक्त ती आजची हवीत. “प्रभू, सर्व आशीर्वादांबद्दल आभार,” हे वाक्य काल चालले, आज चालते, पुढच्या वर्षीही चालेल, म्हणूनच त्यात जीव राहत नाही.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाच्या आत्मपरीक्षणाची एक पद्धत घालून दिली. तिच्या पाच पायऱ्या आहेत: देवाचे आभार, स्वतःला नीट पाहता यावे म्हणून कृपा मागणे, दिवस तासातासाने तपासणे, क्षमा मागणे, उद्यासाठी निश्चय. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आभार पहिले येतात, पापांची तपासणी त्यानंतर. आपण बहुतेक जण उलटे करतो. आधी चुका उगाळतो आणि थकून झोपी जातो. दिवसभर आपल्याला काय काय मिळाले हे आधी दिसले की आपण काय बिघडवले हे पाहायचे बळ येते.

प्रत्यक्षात ते असे होते. अंथरुणावर बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळपासून सुरुवात करा. उठल्यावर पहिला आवाज कोणाचा ऐकला? बसमध्ये बसायला जागा कोणी दिली? दुपारी तुमचे राहिलेले काम एका सहकाऱ्याने न सांगता उरकून टाकले, त्याचे नाव घ्या. संध्याकाळी आईचा फोन आला आणि तुम्ही “नंतर करतो” म्हणालात. इथे थांबा. फोन आला हे आभाराच्या खात्यात गेले, परत केला नाही हे क्षमेच्या. उद्या सकाळी करायचा, हा निश्चय. दहा मिनिटे लागतात. काही रात्री तिसऱ्याच पायरीवर झोप लागेल, तर लागू द्या.

कृतज्ञतेची वही लिहावी का? ते तर आजकाल सगळेच सांगतात.

लिहा, उपयोग होतो. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना कृतज्ञतेच्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या आणि काहींना त्रासाच्या. पहिला गट अनेक बाबतींत अधिक समाधानी आढळला. हे विश्वास न ठेवणाऱ्यालाही लागू पडते. ख्रिस्ती माणसाच्या वहीत वेगळे एवढेच असायला हवे की ती कोणाला तरी उद्देशून लिहिलेली असते. “आज पाऊस थांबला” आणि “प्रभू, आज तू पाऊस थांबवलास” यांत दुसऱ्या वाक्यात समोर कोणी तरी आहे.

आमची एक सूचना: वहीच्या समासात दुसऱ्या कोणाचे तरी नाव लिहा, ज्याच्यापर्यंत यातले काहीतरी पोचवता येईल. समास कोरा राहू लागला की समजावे, वही फक्त आपल्या बरे वाटण्यासाठी चालली आहे.

“देवाची आमच्यावर फार कृपा आहे” असे म्हणताना कधी कधी गर्व डोकावतो. हे कसे ओळखायचे?

प्रश्न विचारलात हेच चांगले लक्षण. बायबलमधल्या सर्वांत फसलेल्या प्रार्थनेची सुरुवात आभारानेच होते. परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोक ज्याला पापी समजत) दोघे मंदिरात गेले (लूक १८:९-१४). परूशी म्हणतो, हे देवा, मी इतर माणसांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही, म्हणून तुझे आभार. मग उपवास किती, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) कशाकशाचा, हा हिशेब. त्याने देवाचे नाव घेतले, आभार मानले, आणि सगळे बोलून झाल्यावर मागितले काहीच नाही. त्याची उपकारस्तुती एका माणसाच्या खांद्यावर पाय ठेवून उभी होती, आणि तो माणूस मागे काही अंतरावर छाती बडवत उभा होता.

ओळखायची खूण तिथेच आहे. आपल्या आभाराच्या वाक्यात दुसरा माणूस कशासाठी येतो? “आमची मुले वाया गेली नाहीत, त्यांच्यासारखी,” “आमचे लग्न टिकले,” “आम्हाला कधी हात पसरावे लागले नाहीत.” ही वाक्ये ज्याची मुले भरकटली, ज्याचे लग्न मोडले, ज्याला हात पसरावे लागले, त्या माणसासमोर तुम्ही याच शब्दांत बोलाल का? साक्षीच्या वेळी तो तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. नवे घर, नवी गाडी, परदेशवारी यांचे फोटो आणि खाली ‘ब्लेस्ड’ असे लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न लागू. फोटो टाकू नका असे नाही. पण देवाची कृपा फक्त बढतीतच दिसते असे ज्या मंडळीत वाटू लागते, तिथे नोकरी गेलेला माणूस साक्ष द्यायला उठत नाही, आणि हळूहळू यायचेही थांबवतो.

देवाचे आभार मानले की झाले. माणसांचे वेगळे कशाला मानायचे?

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बहुतेक लोक नावांची जंत्री म्हणून ओलांडून जातात. त्यात पौल वीसहून अधिक माणसांची नावे घेतो, आणि अनेकांच्या पुढे कामाची नोंद आहे. फिबीने पुष्कळांना साहाय्य केले. प्रिस्क आणि अक्विला यांनी त्याच्या जिवासाठी आपला जीव धोक्यात घातला, त्यांचे आभार तो एकटाच नव्हे तर परराष्ट्रीयांच्या सगळ्या मंडळ्या मानतात. पर्सीसने फार श्रम केले. रूफाची आई त्यालाही आईसारखी होती. पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियसाने मध्येच स्वतःचाही नमस्कार घुसडला आहे, आणि तो कोणी खोडला नाही. इतके मोठे सिद्धांताचे पत्र, आणि शेवट हा असा.

माणसाचे आभार मानतानाही आजचा तपशील हवा. “मंडळीतील सर्व कार्यकर्त्यांचे आभार” हे सूचनांमध्ये वाचून दाखवतात आणि ते कोणाच्याच पदरी पडत नाहीत. “काल रात्री तुम्ही एकट्यांनी थांबून सगळ्या खुर्च्या लावल्यात, म्हणून आज सकाळी वेळेवर सुरू झाले,” असे त्या माणसाला बाजूला घेऊन सांगा. तो दोन क्षण काही बोलणार नाही. चर्चची झाडलोट करणारा, साउंड सांभाळणारा, संडे स्कूलच्या मुलांसाठी चित्रे कापून ठेवणारी बाई, यांची पाळी सहसा येतच नाही.

कामाच्या ठिकाणी विश्वास कसा दिसायला हवा? टेबलावर वचनाची पाटी ठेवू का?

पाटी ठेवायची तर ठेवा, पण मग तिच्याखाली बसून उशिराची वेळ खोटी लिहू नका. पाटी नसलेल्या माणसापेक्षा तुमच्यावर जास्त नजर असणार आहे.

“जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा” (कलस्सै. ३:२३) हे वचन कामाबद्दल नेहमी सांगितले जाते. ते मुळात दासांना उद्देशून लिहिले आहे, ज्यांना काम निवडण्याची मुभाच नव्हती, हे सांगायचे राहून जाते. आणि लगेच पुढे, ४:१ मध्ये, धन्यांना बजावले आहे की न्यायाने आणि समतेने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. तेव्हा हे वचन नोकराला ऐकवणाऱ्या मालकाने पुढची ओवीही मोठ्याने वाचावी. याकोबाच्या पत्रात (५:४) तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे. घरी काम करणाऱ्या बाईचे पैसे ठरल्या दिवशी देणे ही अनेकांच्या बाबतीत सर्वांत पहिली उपकारस्तुती ठरेल.

कामच आवडत नसेल तर? सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू होते. त्यांना स्वयंपाकघराचा मनापासून कंटाळा होता, आणि नेमणूक तिथेच झाली. वर्षानुवर्षे ते तिथे राबले. भांड्यांच्या खडखडाटात आणि चारी बाजूंनी चाललेल्या हाकांतही देवाशी बोलायचे, ही सवय त्यांनी लावून घेतली. आवड निर्माण झाली म्हणून बोलणे सुरू झाले असे नव्हते. आधी बोलणे आले.

कृतज्ञ राहायचे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसायचा का?

पौल आणि सीला यांनी फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गीते गायली, हे सगळ्यांना पाठ असते (प्रेषितांची कृत्ये १६). पाठीवर छड्यांचे वळ, पाय खोड्यात, आणि बाकीचे कैदी ऐकत आहेत. पण गोष्ट तिथे संपत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की यांना सोडून द्या. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक असून चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत मारले, तुरुंगात टाकले, आणि आता गुपचूप घालवून देता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. आणि अधिकारी आले, विनवण्या करत आले.

रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच होता. दोन्हींत काही तासांचे अंतर होते आणि त्याला त्यात विसंगती वाटली नाही. म्हणून घरात मारहाण होत असेल, कोणी पगार बुडवत असेल, मंडळीतच कोणी पैशांचा किंवा पदाचा गैरवापर करत असेल, तर “जे आहे त्यात समाधान मान” हा सल्ला वचनातला नाही. मारहाण होत असलेल्या बाईला प्रार्थना करून त्याच घरी परत पाठवणे हे पाप आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. आधी सुरक्षित जागा, मग कायद्याची मदत, आणि सोबतीला प्रार्थना.

दशमांश द्यायलाच हवा का?

यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. आपल्या मंडळीची शिकवण काय आहे ते पाळकांना विचारा. पौलाने आकडा सांगितलेला नाही. ज्याने त्याने मनात ठरवावे, कुरकुरत किंवा बळजबरीने देऊ नये, असे तो म्हणतो (२ करिंथ. ९:७).

आम्हाला आकड्यापेक्षा देण्याची जुनी रीत जास्त बोलकी वाटते. मोशेच्या नियमशास्त्रात उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचे होते, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही (लेवीय ७:१५). एक अख्खे जनावर आणि सोबत भाकरी. एका घराला एका दिवसात ते कसे संपणार? लोकांना बोलवावेच लागणार. आभार साठवता येऊ नयेत अशी सोय नियमातच होती. पुढे इ. स. १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर यांनी रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचे वर्णन लिहिले. भाकर आणि द्राक्षारसावर उपकारस्तुती होते, जे आले नाहीत त्यांच्याकडे सेवक ते घेऊन जातात, आणि ज्यांना ऐपत आहे ते स्वेच्छेने देतात. ती रक्कम अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी वापरली जाते. प्रभुभोजन आणि मदतनिधी एकाच दमात सांगितले आहेत.

कर्ज काढून देऊ नका. दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) टाकणाऱ्या विधवेचे उदाहरण (मार्क १२:४१-४४) देऊन कोणी दबाव आणत असेल, तर त्याच्या आधीची ओवी वाचा. तिथे येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या धर्मपुढाऱ्यांची कानउघाडणी करतो.

मुलांना कृतज्ञता कशी शिकवावी?

“देवाला थँक्यू म्हण” असा धोशा लावून ती येत नाही. तुम्ही वॉचमनशी कसे बोलता हे मूल पाहत असते. जेवताना प्रत्येकाने आजची एक गोष्ट सांगायची, एवढे पुरे. मुलाने “गणिताचे सर आले नाहीत” असे सांगितले तर हसा आणि आमेन म्हणा.

घरात किंवा ऑफिसात बाकीचे ख्रिस्ती नाहीत. जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करू का?

वादळात सापडलेल्या जहाजावर चौदाव्या रात्री २७६ माणसे होती, आणि त्यांत विश्वासणारे मोजकेच. पौलाने सगळ्यांदेखत भाकर घेतली, देवाचे आभार मानले आणि खायला सुरुवात केली (प्रेषितांची कृत्ये २७:३५-३७). त्याने कोणाला डोळे मिटायला लावले नाहीत, भाषण केले नाही. बाकीच्यांना धीर आला आणि तेही जेवले. तसे जमत असेल तर करा. प्रार्थना लांबून दुसऱ्यांचे ताट गार होत असेल तर मनातल्या मनात करा.

“प्रभू, हे काम झाले तर मी अमुक करीन,” असे बोलणे बरोबर आहे का?

शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना हिने तसे वचन दिले आणि पाळलेही, तेव्हा ते निषिद्ध म्हणता येणार नाही. पण रोजची रीत ती होऊ नये. पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळे जग माझेच आहे. तू उपकारस्तुतीचा यज्ञ कर. देवाला आपल्याकडून काही अडलेले नाही. बोलून बसला असाल तर पाळा आणि पुढच्या वेळी नुसते मागा.

मंडळीत एकाशी माझे बिनसले आहे. उपासनेत आभाराची गीते गाताना खोटे वाटते.

वाटणारच. येशूने सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). हे तो गालीलात बोलत होता आणि वेदी यरुशलेमेत होती, शंभर किलोमीटरहून लांब. ऐकणाऱ्यांनी मनात हिशेब केला असेल: अर्पण तिथे सोडायचे, पायी गावी परत यायचे, भावाला भेटायचे, आणि पुन्हा तेवढेच चालत जायचे. इतकी पायपीट आपल्याला पडत नाही. तो माणूस चार रांगा पुढे बसलेला असतो.

जाताना आपली बाजू मांडायची तयारी करून जाऊ नका. “त्या दिवशी मी सभेत तुम्हाला मध्येच तोडले, ते बरोबर नव्हते,” असे नेमके बोला. “माझे काही चुकले असेल तर” हे शब्द टाळा, त्यांत माफी नसते. फोनवर लिहून पाठवण्यापेक्षा भेटा, आणि जमलेच नाही तर निदान बोला. समोरच्याने तोंड फिरवले तर? पौलाने त्याचीही तरतूद ठेवली आहे: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तेवढे, सर्वांशी शांतीने राहा (रोम. १२:१८). तुमच्या बाजूचे झाले की पुढच्या रविवारी जाऊन गा. त्याचे उत्तर यायला वेळ लागू शकतो, आणि कधी कधी ते येतही नाही.